सावलीचं दानपत्र

बोरपाणी, तालुका सौंसर
गुरुवार, ३ एप्रिल २०२५

ती. प्रतिभा आत्यास,
भाग्यश्रीचा नमस्कार.

तुमच्या कानाचं मशीन परत बिघडलं, असं उत्तमनं सांगितलं, म्हणून फोन न करता लिहिते. तसंही आजची गोष्ट फोनवर ओरडून सांगण्यासारखी नाही. ही चिठ्ठी उत्तमच्याच बसनं पांढुर्ण्याला येईल. सरकारी बस बंद होऊन वीस वर्षं झाली, उत्तमची मात्र रोज येते. दोन दिवस आली नाही तर लोक दुसऱ्याच्या गाडीत बसतील, हे त्याला माहीत आहे.

आज बाजारात परिषदेचा वसुलीवाला राजू पावती फाडायला आला. "बैठकी तीस, शेड शुल्क वीस," म्हणाला.

मी म्हटलं, "मागच्या गुरुवारी तं दहाच होते रे."

"एक तारखेपासून रेट बदलले, काकू. भोपाळचा हुकूम हाय. साऱ्याच नगर परिषदा वसुली वाढवून राहिल्या."

"आन शेड शुल्क कायचं? शेड तं आमचं हाय."

"कागदात परिषदेचं हाय. मी कागद पाहून पावती फाडतो, वर पाहून नाई."

माझ्या कलमांच्या शेजारी पूनम बसते, मिरचीवाली. ती म्हणाली, "मंग एक डाव वर पाह्य ना रे बाबू. तिसऱ्या पत्र्यावर माह्यं नाव हाय, लाल रंगात."

आत्या, तुम्हाला हे सगळं माहीत आहे, तरी लिहिते. आम्ही एकतीस जणींनी एकेक टिनाचा पत्रा आणला. खाली बसल्यावर वाचता यावं म्हणून आतल्या बाजूनं आपापलं नाव लिहिलं. तुम्ही इथल्या शाळेत एकोणीस वर्षं शिकवलं म्हणून बत्तिसावा पत्रा तुम्ही पाठवला. गुणवंतानं खांब जोडले, वेल्डिंग केलं. मजुरी म्हणून त्यानं माझ्याकडून संत्र्याची तीस कलमं घेतली आणि शेवटच्या दिवशी रोडगे-वांग्याची पंगत. परिषदेनं एक खिळा दिला नाही. आम्ही मागितलाही नाही. जमीन तिची, तिची दहा रुपये बैठकी आम्ही कधी कुरकुर न करता देत आलो.

नवीन छपराखाली पाहुण्याच्या हातचा नारळ फुटल्याशिवाय बसायचं नाही, ही आपली रीत. तुम्ही म्हणालात, परिषदेच्या साहेबांना बोलवा, चांगल्या कामाला मोठ्या माणसाचा हात लागू द्या. बोलावलं. जानेवारीत साहेब आले, नारळ फुटला, फोटो निघाले. तेव्हापासून आजपर्यंत मध्ये काय झालं, ते मला समजत नाही. सरकारी कागद तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहेत. आमचं शेड त्यांच्या कागदात कसं गेलं असेल?

तुमची
भाग्यश्री

*

पांढुर्णा
९ एप्रिल २०२५

चि. भाग्यश्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. इतका संताप बरा नव्हे. राजू नोकर माणूस, त्याच्याशी सौम्यपणे बोलत जा.

तुला कर हा शब्द ऐकला की झोंबतो, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. तुझे वडील, म्हणजे माझा भाऊ, तसेच होते. पण मी ज्या पगारावर घर चालवले, तुला कॉलेजात असताना पुस्तके घेऊन दिली, तो पगार आकाशातून पडत नव्हता. कुणीतरी कर भरला म्हणून बोरपाणीच्या शाळेवर छप्पर होते. आमचा पांढुर्णा आता जिल्हा झाला. कचेऱ्या येतील, माणसे लागतील, टेबलखुर्च्या लागतील. सरकारने पैसा आणावा कुठून?

शेडबद्दल म्हणशील तर कागदात काही नोंद असेल. सरकारी जागेवरची वस्तू आहे, कुठेतरी तिची नोंद होणारच. कुणाच्या नावावर आहे याने असा काय फरक पडतो? सावली तर तीच आहे.

कानाचे मशीन दुरुस्तीला नागपूरला पाठवले आहे. आंब्याचे लोणचे उत्तमजवळ देते.

तुझी
आत्या

*

बोरपाणी
२४ एप्रिल २०२५

ती. आत्यास नमस्कार.

लोणचं पोचलं. बरणी धुऊन परत पाठवते.

सावली तीच आहे, हे तुमचं वाक्य मी बाजारात पूनमला सांगितलं. तिनं पाटी उचलली आणि शेडच्या बाहेर उन्हात जाऊन बसली. गेले दोन गुरुवार ती तिथेच बसते. मिरचीचा रंग उडून राहिला आहे, गिऱ्हाईक जुना माल म्हणून भाव पाडतं. पण पूनम म्हणते, "आपल्याच घरात भाड्यानं कोण राह्यते बाप्पा."

तुम्ही विचारलं, सरकारने पैसा आणावा कुठून. आत्या, आधी जातो कुठे ते पाहा. मी परवा परिषदेच्या कचेरीत गेले होते. बाहेरच्या फळ्यावर खर्चाचा कागद लावलेला होता. मी उभं राहून उतरवून घेतला. शेडचं लोकार्पण: मंडप, माइक, हार, नाश्ता, शाली चाळीस नग. एकूण एक लाख बारा हजार. आमचं अख्खं शेड, पत्रे, पाइप, मजुरी धरून चौऱ्याऐंशी हजारांचं. शेडपेक्षा शेडचा नारळ महाग पडला. आणि तो खर्च भरून काढायला आमच्याकडून शेड शुल्क.

बाजाराच्या तोंडाशी आता कमान होत आहे. अठरा लाखांची. तिच्यापुढे कारंजं. कारंज्याला पाणी नाही. मागच्या आठवड्यात कोणी मोठे पाहुणे गेले तेव्हा टँकर आणून अर्धा तास उडवलं. त्याच दिवशी बाजारातल्या नळाला पाणी नव्हतं आणि मी घरून डब्यानं पाणी आणून कलमांवर शिंपडत होते.

शाळेला, रस्त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण कारंज्याची पावतीही शाळेचं नाव सांगूनच फाडतात. राज्य कर्ज काढतं, पैसे वाटतं, मग व्याजासाठी हुकूम सोडतं की वसुली वाढवा. खालचा साहेब वसुली वाढवतो आणि वाढलेलं दिसलं की कमान बांधतो. माझी कलमं वाळली तर पुढच्या वर्षी माझ्याकडे कोणी येत नाही. साहेबांचं कारंजं वाळलं तर त्यांना दुसरं कारंजं मिळतं. एवढाच फरक आहे, पण सगळं त्यातच आहे.

आता मुद्द्याचं. कचेरीतल्या बाबूनं शेडची फाइल उघडली आणि लगेच मिटली. म्हणाला, "दानपत्र है, मैडम. शेड दान में मिला है." कोणी दिलं, ते सांगेना. पण मला कळायचं ते कळलं. फेब्रुवारीत कमानीच्या जाळीचं काम गुणवंताला मिळालं आहे. तीस कलमं आणि पंगत घेऊन एवढं काम का केलं, हे आता समजतं. शेड त्यानं जोडलं, त्यानंच लिहून दिलं असणार. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं आहे. बाकीच्यांनाही सांगितलं.

भाग्यश्री

*

पांढुर्णा
३० एप्रिल

चि. भाग्यश्री,

पुराव्याशिवाय माणसावर आरोप करू नये. गुणवंता तसा नाही. तो माझा विद्यार्थी आहे.

तब्येत ठीक नाही. जास्त लिहीत नाही.

आत्या

*

बोरपाणी
२२ मे २०२५

ती. आत्यास,

तुमच्या चार ओळी मिळाल्या. तब्येतीचं कळवा. ऊन फार आहे, दुपारी बाहेर पडू नका.

गुणवंता तुमचा विद्यार्थी होता, म्हणून तुम्हाला तसं वाटतं. आम्हीही तुमच्याच विद्यार्थिनी आहोत. पूनमनं तिच्या हातगाडीचं काम त्याच्याकडून काढून रामाकोन्याच्या वेल्डरला दिलं. बाकीच्यांनीही विळे-खुरपी त्याच्याकडे नेणं बंद केलं. त्यानं कोणाला काही विचारलं नाही. मागच्या गुरुवारी त्याची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि परत गेली. खरं सांगते, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण मग राजूची पावती आठवली.

नवीन हुकूम आला आहे. जूनपासून रोपं विकणाऱ्यानं बैठकीशिवाय प्रत्येक कलमामागे दोन रुपये द्यायचे. नाव विकास उपकर. माझी बाराशे कलमं तयार आहेत. दीड वर्षापूर्वी जंबेरी लिंबाच्या खुंटांवर मी स्वतः, या हातांनी, संत्र्याचा एकेक डोळा बांधला. पाऊस लागला की लोक लावायला नेतील, तो दीड महिना माझ्या वर्षाचा. शेडखाली बसले तर बैठकी, शेड शुल्क आणि उपकर. शेडबाहेर बसले तर उन्हानं प्लास्टिकच्या पन्नीतली मुळं उकडून निघतील.

साहेबांना विचारलं, उपकर घेऊन माझ्या कलमांचा काय विकास करणार. ते म्हणाले, "कमान का काम अधूरा है."

याच्यावर कृपा करून मला उपदेश लिहू नका. एकच सांगा, दान दिलेलं परत मागता येतं का?

भाग्यश्री

*

पांढुर्णा
२७ मे २०२५

चि. भाग्यश्रीस,

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली.

दानपत्र गुणवंताने दिले नाही. मी दिले.

जानेवारीत लोकार्पणाच्या आठ दिवस आधी परिषदेचा माणूस माझ्याकडे आला. तो म्हणाला, मॅडम, साहेबांना सरकारी कार्यक्रम म्हणून यायचे तर एक पत्र लागते, नाहीतर ते खासगी ठिकाणी नारळ फोडायला येऊ शकत नाहीत. शेड परिषदेला सादर समर्पित, असे दोन ओळींत लिहून द्या, फॉर्मॅलिटी आहे. मला काय वाटले सांगू? बरे वाटले. इतक्या वर्षांनी सरकारचा माणूस दारात आला, खुर्चीवर अदबीने बसला, मॅडम म्हणाला. त्याने दोन ओळी मागितल्या होत्या, मी पानभर लिहिले. चांगल्या हिंदीत, वळणदार अक्षरात. खाली सही केली, "प्रतिभा, सेवानिवृत्त प्रधानपाठिका". समस्त विक्रेता महिलांच्या वतीने, असेही लिहिले. एकीलाही विचारले नाही. त्यात विचारण्यासारखे काही आहे, हेच मला सुचले नाही. पाहुण्याला बोलवायचे तर त्याच्या हातात काहीतरी द्यावे लागते, एवढेच वाटले.

तुझे एप्रिलचे पहिले पत्र वाचले तेव्हाच मी समजले. तरी तुला कर आणि नागरिक यावर लिहीत बसले. सावली तीच आहे, हे मी तुला नाही, स्वतःला सांगत होते. नंतर तू गुणवंताचे नाव घेतलेस. मी चार ओळी लिहून गप्प राहिले. ती चूक पहिलीपेक्षा मोठी.

तुझ्या पत्रातली "शाली चाळीस नग" ही ओळ वाचून मी कपाट उघडले. त्या दिवशी साहेबांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, तेव्हा वाटले होते हा माझ्या नोकरीचा सन्मान. घडी उलगडली. किमतीची चिठ्ठी अजून टाचलेली होती. पूनमच्या वीस रुपयांची, तुझ्या वीस रुपयांची शाल मी कापूर घालून जपून ठेवली होती.

मी जन्मभर मुलांना शिकवले की दुसऱ्याची पेन्सिल न विचारता घेऊ नये. दुसऱ्याची पेन्सिल तिसऱ्याला देऊन शाबासकी घेऊ नये, हे मात्र कधी शिकवले नाही. मलाच येत नव्हते. आणि आता वाटते, तू ज्याला सरकार म्हणतेस ते दुसरे काय करते? जे आपले नाही ते देते, आणि देणारा म्हणून हार घालून घेते. मला त्याची घृणा येते आहे आणि ती सुरू कुठून करायची, तर माझ्यापासून.

तू विचारलेस ते मीही परिषदेला आधीच विचारले होते. दोन अर्ज केले. उत्तर आले की दान परत घेण्याची तरतूद नाही.

हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव. गुणवंताला आधी.

आत्या

*

बोरपाणी
८ जून २०२५

ती. आत्यास,

पत्र वाचून दाखवलं. तुम्ही सांगितलंत म्हणून, नाहीतर मी फाडलं असतं.

काय लिहू? मला तुमचा राग आला आहे, आणि त्याहून जास्त माझा. गुणवंताच्या घरी मी एकटी गेले. त्याच्या हातात कानशी होती. मी बोलत होते आणि तो पाइपाचं टोक घासत होता. शेवटी म्हणाला, "जाळीचं काम मी टेंडर भरून घेतलं होतं, भाग्यश्रीताई. सर्वात कमी रेट माह्याच होता. पैसे अजून भेटले नाईत." एवढंच. त्याच्या बायकोनं चहा दिला. तो पिणं मला फार कठीण गेलं.

बाजारात तुमचं पत्र ऐकून पूनम म्हणाली, "बाई चुकल्या. पण दान बाईनं देल्लं, पत्रा तं माह्या हाय. बाईले माह्या पत्रा देता येते काय?" त्यावर सगळ्या बोलायला लागल्या. संध्याकाळपर्यंत ठरलं. येत्या गुरुवारी, १२ तारखेला, ऐन बाजाराच्या वेळी, भर दुपारी, जिनं तिनं आपला पत्रा खाली घ्यायचा. चोरी नाही, म्हणून लपून नाही.

जागा रामाजींच्या जिनिंगच्या आवारात बघितली. कापसाचा हंगाम दिवाळीपर्यंत नाही, आवार रिकामंच असतं. मी म्हटलं, काका, बाया गरीब आहेत, काही कमीजास्त करा. रामाजी म्हणाले, "भाडं घेईन. फुकट देल्लं तं उद्या मी तुमाले येऊन सांगीन कोण कुठं बसाचं ते. भाडं घेतलं तं मी फक्त भाडं मांगीन." पंधरा रुपये ठरले, पाणी त्यांचं. नाही जमलं तर लोधीखेड्याच्या एका दाल मिलवाल्याचंही आवार आहे, हे त्यांना माहीत आहे आणि आम्हालाही. सौदा दहा मिनिटांत झाला. कोणाला हार घालावा लागला नाही.

सरकारी मालमत्तेची नासधूस म्हणून केस होऊ शकते, असं राजूनं कानात सांगितलं. शेड उभारायच्या परवानगीच्या अर्जावर पहिलं नाव माझं आहे, म्हणजे पहिली मीच. केस झाली तर ऐन हंगामात मी सौंसरच्या कोर्टात आणि कलमं उन्हात. तरी मागे हटायचं नाही, असं ठरलं आहे.

चौथ्या ओळीतल्या पत्र्यावर तुमचं नाव आहे. त्याचं काय करायचं ते कळवा. यायची गरज नाही, ऊन आहे.

भाग्यश्री

*

पांढुर्णा
१६ जून २०२५

चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.

तू कळवा म्हणालीस, मी येऊन गेले. तू त्या वेळी रामाजींच्या आवारात खांबांचे खड्डे पाहत होतीस आणि परतीच्या गर्दीत आपले धड बोलणे झाले नाही, म्हणून बाजारात काय घडले ते लिहिते. पूनम सांगेल, पण ती तिखटमीठ लावून सांगेल.

उत्तमने मला कमानीपाशी उतरवले. मी रसवंतीवाल्याकडून खुर्ची मागून घेतली आणि शेडसमोर बसले. गुणवंता शिडीवर होता. तेरा-चौदा पत्रे उतरले असतील, तेवढ्यात साहेबांची गाडी आली. मी नागपूरहून दुरुस्त होऊन आलेले कानाचे मशीन काढले आणि पर्समध्ये ठेवले.

साहेब बराच वेळ बोलले. चेहरा लाल झाला होता, बोट कमानीकडे होते, मग शेडकडे, मग माझ्याकडे. त्यांनी दम घेतला तेव्हा मी म्हटले, "साहब, मुझे सुनाई नहीं देता. जो कहना है, लिखकर दीजिए. मैंने भी लिखकर दिया है." आणि कागद पुढे केला. त्याची एक प्रत मी सकाळीच कलेक्टर कचेरीत देऊन पावती घेतली होती.

तुझ्यासाठी त्यातला मजकूर मराठीत लिहिते. "जानेवारीत मी जे शेड परिषदेला दान दिले, ते माझे नव्हते. त्यात माझा फक्त एक पत्रा होता. बाकीच्या एकतीस मालकिणींना मी विचारले नव्हते. त्यांच्या वतीने लिहिले, ते खोटे होते. जे देणाऱ्याचे नव्हते ते घेणाऱ्याचे होत नाही. गुन्हा असेल तर तो खोटे लिहिण्याचा आहे आणि तो माझा एकटीचा आहे." खाली सही आणि तेच, सेवानिवृत्त प्रधानपाठिका. जिल्हाभर माझे विद्यार्थी कचेऱ्यांतून बसले आहेत. हा कागद टेबलाटेबलावरून जाईल आणि प्रत्येक जण वाचेल की बाई खोटे लिहितात.

साहेबांनी दोनदा वाचला. लिहून काहीच दिले नाही. गाडीत बसून गेले. ते काय म्हणाले होते, ते मी पूनमला विचारले. ती म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, तुमाले ऐकू नाई आलं ते बरंच झालं."

शेवटी गुणवंता माझा पत्रा घेऊन खाली आला. मी मशीन कानात घातले आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बाई, सातवीत तुम्ही मले कंपासपेटी चोरली म्हणून बाकावर उभं केलं होतं. तवाही मी नव्हतो."

मला ते आठवत नाही, भागू. चार दिवस आठवते आहे, कंपासपेटी आठवत नाही, मुलगा आठवत नाही. मी त्याला माझा पत्रा दिला. तो माझा होता, म्हणून देता आला. तो म्हणाला, नाव पुसू का. मी म्हटले, तुला वाटेल तसे कर.

दुसऱ्या दिवशी शाल परत करायला परिषदेत माणूस पाठवला. बाबूने घेतली नाही. शाल वाटल्याची नोंद होते, परत आल्याची करायला रजिस्टर नाही म्हणे. ती या पत्रासोबत उत्तमजवळ देते आहे. जाळ, वाट, काहीही कर. माझ्या कपाटात नको.

आत्या

*

बोरपाणी
गुरुवार, ३ जुलै २०२५

ती. आत्यास,
भागूचा नमस्कार.

नोटीस आली. तुम्हालाही आली असेल. तीस दिवसांत खुलासा मागितला आहे. वकील म्हणाले, तुमच्या कागदामुळे माझ्यावर फार काही टिकणार नाही. तुमच्यावर काय होईल, ते त्यांना सांगता आलं नाही. सुनावणीला मी पांढुर्ण्याला येते. जे काही असेल ते दोघी मिळून ऐकू. तुम्ही मशीन पर्समध्ये ठेवलंत तर मी ऐकीन.

रामाजींच्या आवारात आजचा तिसरा बाजार झाला. छप्पर चढलं तेव्हा कोणीतरी म्हणालंच, नारळ कोणाच्या हातून? पूनम म्हणाली, "ज्याले भूक लागली त्यानं फोडा." तिनंच फोडला आणि खोबरं वाटून टाकलं. गुणवंतानं तुमचा पत्रा आपल्या दुकानावर घातला आहे. तुमचं नाव त्यानं पुसलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

जुन्या बाजारात कमान पूर्ण झाली. भर दुपारी तिची सावली तिच्याच पायाशी हातभर पडते, तिथे राजू पावतीबुक मांडीवर घेऊन बसला होता. बाराच्या सुमाराला तो इकडे आला. एक पेला पाणी मागितलं, रामाजींच्या रांजणातलं. मग शेजारच्या पाटीवरून भेंडी घेतली आणि भाव पाडायला लागला. बाई म्हणाली, "इथं रेट आमीच ठरवतो रे बाबू. नाई पटला तं पुढच्या पाटीवर जा." तो पुढच्या पाटीवर गेला. तिथे त्याला दोन रुपये स्वस्त भेटली.

कलमं आठशेच्या वर गेली. उरलेल्यांवर माझा जीव टांगला आहे, कारण पावसानं दडी मारली आहे आणि पश्चिमेकडून ऊन तिरपं आत येतं. आज त्या बाजूच्या पन्न्या हाताला चटके देत होत्या. बारदान होतं ते पुरलं नाही. मग पिशवीतली तुमची शाल आठवली. बादलीत बुडवली तर पाणी लाल झालं. दुसऱ्या पाण्यात थोडं कमी, तिसऱ्यात अजून कमी. जरीचे दोरे सुटून तरंगायला लागले. माझे हात कोपरापर्यंत रंगले.

चौथ्या पाण्यात ती नुसती मळकट पांढरी राहिली. पिळून मी ती कडेच्या कलमांवर पसरली. संध्याकाळी उचलून पाहिली, खालची पंचवीसच्या पंचवीस कलमं ताजी होती.

तुमची
भागू